स्वामित्व आणि वहिवाट

एखादी वस्तू 'माझी' आहे असे आपण म्हणतो तेव्हा त्या म्हणण्यात किमान तीन गोष्टी गृहीत असतात. तिची किंमत मी मोजली आहे. ती माझ्या ताब्यात आहे. आणि जे करण्याची क्षमता तिच्यात आहे ते तिच्याकडून करवून घेण्यास मी मोकळा आहे. पहिल्या गोष्टीची साक्ष पावती देते, दुसरीची साक्ष घरातले कपाट देते. तिसरीची साक्ष काढण्याची वेळ आजवर कोणावर आली नव्हती, कारण ती पहिल्या दोहोंपासून वेगळी करता येते असे कोणाला वाटलेच नव्हते. पितळेचा तांब्या विकत घेतल्यावर त्यात पाणी ठेवण्याची परवानगी निराळी मागावी लागत नाही. विळी घेतली की भाजी चिरण्याचा अधिकार तिच्याबरोबरच घरी येतो. दूरचित्रवाणीच्या संचाशेजारी बसणाऱ्या लहानशा पेटीने मात्र हे तिसरे गृहीतक सुटे करून दाखवले. किंमत मोजलेली, ताबा असलेली, आणि तरीही आपल्या क्षमतेवर आपल्या मालकाचा अधिकार न मानणारी वस्तू आता घरोघरी आहे. तिच्या निमित्ताने स्वामित्व या जुन्या कल्पनेचा पुन्हा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

करमणुकीच्या साधनावर नीतिविचार करणे काही वाचकांना अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. पण विषय लहान असला म्हणून प्रश्न लहान ठरत नाही. शेजाऱ्याच्या आडावरचे पाणी आणि बांधावरचे झाड यांवरूनच आपल्याकडे हक्क आणि कर्तव्य यांचा सूक्ष्म विचार झाला. आज बातमी, पीकपाण्याचा सल्ला, कीर्तन, नाटक आणि क्रिकेट हे सारे ज्या एका वस्तूच्या आज्ञेने घरात येते, तिच्या वर्तनाला तो विचार लावून पाहणे अस्थानी नाही.

भोपाळचे तुलसी नगर या विचाराला सोयीचे ठिकाण आहे. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाले. नागपूर, इंदूर, ग्वाल्हेर येथील कचेऱ्यांतून जी कर्मचारी-कुटुंबे येथे आली, त्यांत मराठी घरे बरीच होती. पुढे राजधानीत ज्या सरकारी वसाहती वसल्या त्यांपैकी तुलसी नगर ही एक. अशा वसाहतीतल्या माणसाला स्वामित्व आणि वास्तव्य यांतला भेद पुस्तकातून शिकावा लागत नाही. क्वार्टर सरकारचे, आतला संसार आपला. बदलीच्या किंवा निवृत्तीच्या वेळी ट्रकवर चढते ते आपले आणि मागे राहते ते सरकारचे, अशी त्याची सुटसुटीत व्याख्या असते. तीस वर्षे ज्या खिडकीत चहा घेतला ती खिडकी मागे राहते आणि शिवणयंत्र पुढे जाते. यात दुःख असले तरी फसवणूक नसते, कारण सीमा पहिल्या दिवसापासून ठाऊक असते.

या व्याख्येला दूरचित्रवाणीच्या पेटीने तडा दिला. केबलवरील अनॅलॉग प्रक्षेपण बंद करून अंकीय प्रक्षेपण आणण्याच्या योजनेत दुसऱ्या टप्प्यासाठी ३८ शहरे निवडण्यात आली होती. भोपाळ, इंदूर, जबलपूर ही त्यांत होती. नागपूर, पुणे, नाशिकही होती. ३१ मार्च २०१३ ही त्या टप्प्याची अंतिम मुदत होती. तोवर केबलची तार थेट संचात खोचली की चित्र दिसे. त्यानंतर मध्ये सेट-टॉप बॉक्स हवा झाला. समजा, तुलसी नगरातील एका गृहस्थांनी तो पैसे मोजून घेतला आणि निवृत्तीनंतर ते नागपूरला परतले. पेटी ट्रकवर चढली, म्हणजे जुन्या व्याख्येने ती त्यांची. पण नागपुरात केबलवाला दुसऱ्या कंपनीचा असेल तर तीच पेटी तिथे मुकी. बिघाड काही नाही. ती केवळ आपल्या पहिल्या धन्याच्या संकेतांनाच ओ देते. ग्राहकाला पेटी न बदलता सेवा बदलता यावी, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०२० च्या एप्रिलमध्ये केली. ती करावी लागली, यातच प्रश्नाची ओळख आहे.

पेटी नेमके काय करते हे थोडक्यात पाहिल्याशिवाय पुढचा विचार नीट होणार नाही. साध्या प्रतीच्या दूरचित्रवाणी-चित्रात ७२० उभ्या आणि ५७६ आडव्या रांगांच्या हिशेबाने सुमारे चार लाख पंधरा हजार ठिपके असतात आणि अशी २५ चित्रे दर सेकंदाला सरकतात. प्रत्येक ठिपक्याला २४ बिट धरले तर सेकंदाला जवळजवळ २५ कोटी बिट होतात. इतका भार उपग्रहावरून घराघरांत जसाच्या तसा पाठवणे परवडणारे नाही. म्हणून चित्राचा संक्षेप करतात. लागोपाठच्या दोन चित्रांत बहुतेक भाग तोच असतो. तेव्हा एखादे चित्र पूर्ण पाठवायचे आणि पुढच्या चित्रांसाठी कोणता चौकोन कुठे सरकला आणि किती फरक उरला, एवढेच कळवायचे. चौकोनातले बारकावे गणिताने वेगळे काढून, डोळ्याला जे जाणवणार नाही ते वगळायचे. घरातल्या पेटीने हा संक्षेप उलगडून सेकंदाला २५ वेळा पूर्ण चित्र उभे करायचे. संक्षेप करण्याचे आणि उलगडण्याचे ठरलेले व्याकरण असते. एमपेग-२ हे त्यांतले जुने, एच.२६४ म्हणजे आपल्याकडे सर्रास ज्याला एमपेग-४ म्हणतात ते त्यानंतरचे, आणि एच.२६५ किंवा एचईव्हीसी हे त्याहून अलीकडचे. प्रत्येक नवे व्याकरण तेच चित्र साधारण निम्म्या जागेत बसवते.

हे उलगडण्याचे दोन मार्ग आहेत. एक, सर्व कामे करू शकणाऱ्या प्रोसेसरला नियम शिकवायचे आणि त्याच्याकडून ते पायरीपायरीने करवून घ्यायचे. हा मार्ग लवचिक आहे, पण त्याला बळकट प्रोसेसर लागतो, वीज लागते आणि उष्णता होते. दुसरा मार्ग म्हणजे ते नियम सिलिकॉनमध्येच कायमचे कोरून टाकायचे, म्हणजे हार्डवेअर डिकोडर बसवायचा. मग थोड्या विजेत, पंख्याचा आवाज न करता, स्वस्त पेटीही हे अवघड काम सहज करते. घरगुती पेट्यांत बहुधा हाच मार्ग पत्करलेला असतो. पण जे कोरले ते पुसता येत नाही. एमपेग-२ चा डिकोडर त्या एका व्याकरणात पारंगत असतो आणि बाकीच्यांत ठार निरक्षर. एका विद्येत पिढ्यान्‌पिढ्या तरबेज असलेल्या कारागिराची आठवण व्हावी अशी ही अवस्था आहे. त्याच्या हाताला जे येते ते दुसऱ्या कोणाला येत नाही, आणि मागणी बदलली की त्याच्या हाताला दुसरे काही सुचत नाही.

आता नैतिक प्रश्नाकडे वळू. अशी पेटी चित्र दाखवीत नाही तेव्हा त्यामागे तीन वेगवेगळी कारणे असू शकतात आणि ती एकमेकांत मिसळू न देणे महत्त्वाचे आहे. पहिले, पेटीला ते व्याकरण येतच नाही. दुसरे, येते, पण तिला बोलण्याची मनाई आहे. तिसरे, तिला तिची भाषा उत्तम येते, पण ती भाषा बोलणारेच गप्प झाले आहेत. अज्ञान, मनाई आणि एकाकीपणा अशी या तिन्हींना नावे देता येतील. तिन्ही प्रसंगी पडदा सारखाच काळा दिसतो. जबाबदारी मात्र सारखी नसते.

अज्ञानाचा विचार आधी करू. १६ डिसेंबर २००४ रोजी दूरदर्शनने डीडी डायरेक्ट प्लस ही विनाशुल्क उपग्रहसेवा सुरू केली. तिचेच पुढे फ्री डिश असे नामांतर झाले. डिश आणि पेटी एकदा बाजारातून घ्यायची, मासिक वर्गणी नाही. ज्या गावांत केबल पोचली नव्हती आणि ज्या घरांत दरमहा रक्कम बाजूला काढणे जड होते, त्यांनी ही सेवा जवळ केली. अलीकडच्या अंदाजांप्रमाणे अशा घरांची संख्या चार कोटींहून अधिक आहे. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला त्या डिशवरची सह्याद्री वाहिनी हा निराळाच आधार होता. ही सेवा एमपेग-२ मध्ये सुरू झाली. नवे व्याकरण २००३ मध्ये निश्चित झाले होते, पण ते जाणणाऱ्या पेट्या त्या वेळी स्वस्त नव्हत्या. तेव्हा २००४ च्या निवडीला दोष देता येत नाही. आपल्या काळात नसलेली विद्या वस्तूत नसणे हा अपराध होऊ शकत नाही.

तरीही येथे न्यायाचा एक धागा आहे. ज्याला महाग साधन परवडते त्याला सामर्थ्यवान प्रोसेसर मिळतो आणि तो उद्याचे व्याकरण काही अंशी शिकू शकतो. ज्याला स्वस्त साधन घ्यावे लागते त्याला कोरलेलीच विद्या मिळते. म्हणजे बदलाचा भार पेलण्याची ताकद ज्याच्याकडे कमी, त्याच्याच घरी न बदलणारी वस्तू जाते. यात कोणाचा दुष्ट हेतू नाही. स्वस्ताईचा तो अपरिहार्य गुणधर्म आहे. पण हेतू नसला म्हणून परिणामाकडे पाठ फिरवता येत नाही, आणि नवे व्याकरण कधी, कसे आणायचे हे ठरवणाऱ्यांनी हा भार कोणावर पडतो हे आधी पाहिले पाहिजे.

दुसरी अवस्था मनाईची. तिचे स्पष्ट उदाहरण २०१२ मध्ये मिळाले. इंग्लंडमधील केंब्रिजच्या रास्पबेरी पाय फाउंडेशनने त्या वर्षीच्या फेब्रुवारीत पस्तीस डॉलरचा, तळहातावर मावणारा संगणक काढला. तो मुलांना संगणकविद्या शिकवण्यासाठी होता. पण अनेकांनी तो दूरचित्रवाणीला जोडून घरातली चित्रपेटी म्हणून वापरला. त्याच्या चिपमध्ये एमपेग-२ उलगडण्याची सोय कोरलेली होती, मात्र ती कुलूपबंद होती. ऑगस्टपासून फाउंडेशनने २ पौंड ४० पेन्सला तिची किल्ली विकायला काढली. ही किल्ली म्हणजे काही अक्षरांची ओळ. ती ज्या पाटीच्या अनुक्रमांकासाठी दिली असेल तिच्यावरच चाले. किल्लीने यंत्रात काहीच नवे येत नसे. जे आधीपासून होते ते वापरण्याची फक्त मुभा मिळे.

कारण उघड होते. एमपेग-२ शी निगडित असंख्य पेटंटे एकत्र करून त्यांचा परवाना दिला जाई आणि उलगडणाऱ्या प्रत्येक उपकरणामागे शुल्क द्यावे लागे. २००२ नंतर काही वर्षे हे शुल्क अडीच डॉलर होते. पस्तीस डॉलरच्या वस्तूत प्रत्येकाकडून ते वसूल करण्यापेक्षा ज्याला गरज आहे त्यानेच ते द्यावे, हा विचार गैर म्हणता येणार नाही. शिवाय फाउंडेशनने ही गोष्ट लपवली नव्हती. तुलसी नगरच्या भाषेत सांगायचे तर क्वार्टरची एक खोली बंद राहील, हवी असल्यास जादा भाडे भरून उघडून मिळेल, असे वाटपाच्या कागदावरच लिहिले होते.

याच्या तुलनेत २०२५ च्या नोव्हेंबरात चर्चेत आलेली गोष्ट पाहावी. एचपी आणि डेल या कंपन्यांच्या काही लॅपटॉपांत प्रोसेसरमध्ये एचईव्हीसीचा हार्डवेअर डिकोडर असूनही तो बंद ठेवलेला आढळला. त्याच सुमारास या व्याकरणाच्या परवान्याचे काही शुल्क नव्या वर्षापासून दर उपकरणामागे २० सेंटवरून २४ सेंट होणार होते आणि बंदीमागे हेच कारण असावे असा तर्क वृत्तांतून मांडला गेला. रक्कम पाहता हसू यावे. पण प्रश्न सेंटांचा नाही. सिलिकॉन घडवण्याचा खर्च झालेला आहे, ग्राहकाने तो अप्रत्यक्षपणे भरलेला आहे, क्षमता त्याच्या मांडीवर आहे, आणि ती वापरता न येण्याचे कारण त्याला वस्तू घेताना ठळकपणे दिसेल अशा जागी नाही. जाहीर कुलूप आणि मुके कुलूप यांत मोठा नैतिक फरक आहे. पहिले हा सौदा असतो. दुसरे कळते तेव्हा सौदा होऊन गेलेला असतो.

पेटंटाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. हे व्याकरण आकाशातून पडलेले नाही. शेकडो अभियंत्यांनी वर्षानुवर्षे खपून ते घडवले. त्यांच्या श्रमांचा मोबदला कोणीतरी द्यायलाच हवा. आपल्या परंपरेत ऋषिऋणाची कल्पना आहे. ज्ञान देणाऱ्याचे ऋण माणसाच्या माथ्यावर असते आणि ते अध्ययनाने, अध्यापनाने फेडायचे असते. पेटंट हे त्या ऋणाचे रोखीतले रूप मानले तर ते निंद्य ठरत नाही. फक्त ऋणाची फेड कधीतरी पुरी व्हावी लागते. पेटंटाला वीस वर्षांची मर्यादा आहे ती यासाठीच. एमपेग-२ ची अमेरिकेतील शेवटची पेटंटे २०१८ च्या फेब्रुवारीत संपली.

या संदर्भात एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. एमपेग-२ मध्ये चौकोनातले बारकावे वेगळे काढण्यासाठी जे गणित वापरतात त्याला डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म म्हणतात. ते बंगळूरला जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत प्राध्यापक झालेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ च्या जानेवारीत शोधनिबंधाच्या रूपाने प्रसिद्ध केले. त्याआधी १९७२ मध्ये या कल्पनेवर काम करण्यासाठी त्यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितले होते. ते नाकारले गेले. आज जगातल्या असंख्य छायाचित्रांत आणि चित्रफितींत हे गणित किंवा त्याची भावंडे राबत आहेत. ज्या इमारतीच्या मजल्या-मजल्यावर पुढे भाडे आकारले गेले, तिच्या पायातला एक मोठा दगड असा उघड्यावर ठेवून दिलेला होता. म्हणून मनाईचा अधिकार सांगणाऱ्याने आपणही कोणाचे तरी ऋणको आहोत हे विसरू नये.

तिसरी अवस्था एकाकीपणाची आणि माझ्या मते ती सर्वांत विचार करण्याजोगी आहे. येथे पेटी अज्ञानी नसते, तिला कुलूपही नसते. जी भाषा तिला शिकवून विकले ती भाषाच प्रक्षेपक सोडून देतो. रेडिओलहरींवरून येणाऱ्या अनॅलॉग दूरचित्रवाणीचे असेच झाले. गच्चीवरच्या काड्यांच्या अँटेनाने जे चित्र पकडले जाई ते पाठवणारे बहुतेक प्रक्षेपक दूरदर्शनने २०२२ पर्यंत बंद केले. ज्यांच्या घरी फक्त तेवढाच संच होता, त्यांचा संच दुसऱ्या दिवशी सकाळीही पूर्वीइतकाच धडधाकट होता. त्याच्याशी बोलणारे कोणी उरले नव्हते, एवढेच.

हे अटळ होते का? इतिहासात याच्या उलट एक उदाहरण आहे. १९८२ मध्ये १५ ऑगस्टला भारतात रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि नोव्हेंबरात दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धा देशाने रंगांत पाहिल्या. पण ज्यांच्याकडे कृष्णधवल संच होते त्यांना तो फेकून द्यावा लागला नाही. रंगाची जी पद्धत आपण स्वीकारली, तिच्यात प्रकाशाची उजेड-अंधाराची माहिती पूर्वीसारखीच ठेवून रंगाची माहिती तिच्यावर वेगळी चढवलेली होती. नवा संच दोन्ही वाचे. जुना संच त्याला कळेल तेवढे वाचून उरलेले सोडून देई. शेजारच्या घरी मैदान हिरवे दिसले तरी आपल्या घरी खेळ दिसतच राही. अभियंत्यांनी यासाठी आपली रचना अवघड करून घेतली, रंगाच्या माहितीला थोडी तडजोड पत्करावी लागली. नव्याने आपली वाट काढताना जुन्याच्या पायाखालची वाट उखडायची नाही, हा शिष्टाचार त्या रचनेतच गोवलेला होता.

येथे आपल्या भाषेतला एक शब्द मदतीला येतो, तो म्हणजे वहिवाट. दुसऱ्याच्या रानातून पाऊलवाट जाते. रान माझे नाही, वाटही माझी नाही. पण वर्षानुवर्षे उघडपणे, कोणी न अडवता मी तिथून ये-जा करीत आलो, त्या भरवशावर मी विहीर पलीकडे खणली, तर रानाच्या मालकाला एका सकाळी कुंपण घालता येत नाही. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यानेही वीस वर्षांच्या अखंड वापरातून असा हक्क निर्माण होतो हे मान्य केले. कसणाऱ्या कुळाला जमिनीवर जो हक्क मिळाला त्यामागेही हीच जाणीव होती. कागदावरचे नाव हे हक्काचे एक उगमस्थान झाले. दीर्घ, प्रामाणिक वापर आणि त्यावर उभारलेले जीवन हे दुसरे.

पेटीच्या बाबतीत आपण पहिल्याच उगमाकडे पाहत राहतो, म्हणजे मालक कोण एवढेच विचारतो आणि म्हणून गोंधळतो. प्लास्टिक आणि सिलिकॉन ग्राहकाचे, व्याकरण पेटंटधारकाचे, प्रक्षेपण प्रसारकाचे, उपग्रह शासनाचे; या वाटणीत चित्र पाहण्याचा हक्क नेमका कोणाच्या वाट्याला येतो ते सापडत नाही. वहिवाटीच्या दृष्टीने पाहिले तर तो सापडतो. ज्याने एक भाषा ठरवली, त्या भाषेच्या पेट्या घ्या म्हणून लोकांना बोलावले आणि वर्षानुवर्षे ती भाषा बोलून त्यांचा भरवसा कमावला, त्याच्यावर त्या भरवशाचे काही उत्तरदायित्व येते. कायद्याने येते असे मी म्हणत नाही. नीतीने येते. हा हक्क अमर्याद नाही. वहिवाटही अमर्याद नसते. मोठ्या सार्वजनिक गरजेसाठी पाऊलवाट वळवता येते. पण वळवणाऱ्याने दुसरी वाट आधी दाखवावी लागते.

याला होणारा आक्षेप वजनदार आहे. उपग्रहावरची जागा मर्यादित आहे. जुन्या व्याकरणातली एक वाहिनी जेवढी जागा अडवते तेवढ्यात नव्याच्या दोन बसतात. फ्री डिशवरच्या जागांच्या लिलावात एकेका जागेसाठी वर्षाला कोट्यवधी रुपये मोजले गेले आहेत. तेव्हा जुन्या पेट्यांसाठी जुनी भाषा चालू ठेवणे म्हणजे नव्या वाहिन्यांना, पर्यायाने नव्या प्रेक्षकांना, जागा नाकारणे होय. मागे राहिलेल्यांच्या सोयीसाठी सगळ्यांनी किती काळ थांबायचे? प्रश्न रास्त आहे आणि 'कायम' हे त्याचे उत्तर असू शकत नाही. तसे असते तर आपण अजून मोडीतच पत्रे लिहिली असती.

पण थांबणे आणि सोडून जाणे यांच्या दरम्यान बरीच जागा आहे. फ्री डिशवरच पुढे नव्या व्याकरणातल्या वाहिन्या सुरू झाल्या, आणि जुन्या भाषेतल्या एका रात्रीत बंद न होता दोन्ही वर्षानुवर्षे शेजारी-शेजारी चालल्या. पेट्या आपापल्या आयुष्यमानाने जुन्या झाल्या, बदलल्या गेल्या, आणि नवी पेटी घेणाऱ्याला दोन्ही भाषा येत असल्याने त्याचे नुकसान झाले नाही. या काळात अडवलेल्या जागेची जी किंमत झाली ती वाया गेली असे हिशेबनीस म्हणेल. माझ्या मते ती वहिवाटीचा मान राखण्याची किंमत होती आणि सार्वजनिक संस्थेने ती मोजावी हेच उचित.

मोडीचा उल्लेख आला म्हणून आणखी एक विचार. मोडी मागे पडली तेव्हा ती वाचणारे सगळेच एकदम निरक्षर झाले नाहीत. त्यांना बाळबोधही येत होती. मात्र दप्तरे मोडीतच राहिली आणि आज ती वाचणारा शोधावा लागतो. भाषा बदलते तेव्हा केवळ ऐकणारा एकाकी होत नाही, साठवलेलेही एकाकी होते. घराघरांत लग्नाच्या, मुंजीच्या, गेलेल्या माणसांच्या चकत्या पडून आहेत. डीव्हीडीवरचे चित्र याच एमपेग-२ मध्ये बांधलेले असते. सुदैवाने आजचे साधे प्रोसेसरही ते हार्डवेअर डिकोडरशिवाय उलगडू शकतात. २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पायच्या चौथ्या आवृत्तीत तर एमपेग-२ चे ते कोरीव अंग काढूनच टाकले होते, कारण त्याची गरज उरली नव्हती. पेटंट संपले, व्याकरण सर्वांचे झाले, म्हणून हे शक्य झाले. जी भाषा सार्वजनिक होते तिला बोलणारे उरले नाहीत तरी वाचणारे राहू शकतात. कुलुपात असतानाच मागे पडलेल्या भाषेचे भवितव्य इतके आश्वासक नाही.

मग व्यवहारात काय मागावे? सरकारी क्वार्टरात राहणाऱ्याला घराचे स्वामित्व नसते, तरी काही गोष्टी त्याला मिळतात. काय आपले आणि काय नाही हे आधी कळते. दिलेली खोली मध्येच काढून घेतली जात नाही. सोडायचे झाल्यास सूचना आणि मुदत मिळते. पेटीच्या तथाकथित मालकाला यांपैकी एकाचीही खात्री नाही, हा आजचा विरोधाभास आहे. भाडेकरूला जे मिळते ते मालकाला मिळत नाही. तेव्हा निदान तेवढे तरी मागता येईल. वस्तूत असलेली आणि बंद ठेवलेली क्षमता विकतानाच स्पष्ट लिहावी. विकल्यानंतर चालू असलेली क्षमता काढून घेऊ नये. भाषा बदलायची असेल तर दोन्ही भाषा काही वर्षे बरोबर चालाव्यात. आणि परवान्याची मुदत संपली की कुलपेही आपोआप उघडावीत. केंद्र सरकारने २०२२ च्या डिसेंबरात 'राइट टू रिपेअर' म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले, ते स्वागतार्ह पाऊल होते. पण दुरुस्तीच्या हक्काला बिघाड गृहीत धरावा लागतो. ज्या पेटीत काही बिघडलेलेच नाही तिच्या मालकाने कोणती दुरुस्ती मागावी?

शेवटी तुलसी नगराकडेच यावे लागते. २०२४ च्या जूनमध्ये तुलसी नगर आणि शेजारच्या शिवाजी नगर परिसरात मंत्री-आमदारांसाठी नवी निवासस्थाने बांधण्याचा प्रस्ताव होता आणि त्यासाठी सुमारे २९ हजार झाडे तोडावी लागतील असे सांगितले जात होते. नागरिक रस्त्यावर आले, त्यांनी झाडांना मिठ्या मारल्या आणि काही दिवसांतच शासनाने प्रस्ताव मागे घेतला. त्या झाडांतले एकही झाड मिठी मारणाऱ्याच्या नावावर नव्हते. मालकीचा कागद पुढे करून कोणी तिथे उभे राहिले नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या त्या सावलीतून गेलो, एवढाच त्यांचा दावा होता आणि तो दावा शासनालाही समजला. अशा दाव्याला आपल्याकडे शब्द आहे, रूढी आहे, कायद्याचे पाठबळही आहे. घरातल्या लहानशा पेटीबद्दल तो दावा मांडण्याची सवय मात्र अजून आपल्याला लागायची आहे.